गोळ्यांना मेंढरांचा कायदा

धुरपे, ये अशी जवळ. उंबऱ्यावर उभं राहून बोलायची खोड आता तरी सोड. जन्मभर माझ्याकडं आलीस ती एक पाय बाहेर ठेवूनच. "मेंढरं एकटी हायेत, आक्का," म्हणायचीस, चहा उभ्यानंच प्यायचीस आणि निघायचीस. आता कसली घाई? मेंढरं विकली, तळ मोडला, तुझा मालक सखाराम पुतण्याच्या पडवीत खाट टाकून पडलाय. बस खाली. मला तुला रागवायचंय, आणि रागवायला माणूस समोर बसलेलं लागतं.

मला लिहिता येतं याचं तुला लई नवल. शाळेचं तोंड आपण दोघींनीही बघितलं नाही. मी पोरांच्या पाटीवर गिरवून शिकले, मग दुकानांच्या पाट्या वाचल्या, मग वाण्याच्या पुडीचा कागद, असं करत करत आले इथवर. तू म्हणायचीस, "माझं नाव लिहून दाव बरं." मी लिहिलं की त्यावरून बोट फिरवायचीस, मेंढराच्या कानावरची खूण चाचपावी तसं. आज सगळं तुझंच लिहितेय. तुला वाचता येत नाही म्हणून एकेक ओळ मोठ्यानं म्हणत लिहितेय. नातसून आत्ताच दारातून डोकावून गेली. म्हातारी एकटीच बोलायली म्हणत असेल. म्हणू दे.

आधी आईचं बोलू, कारण हे तिच्यापासूनच आलं. तू लहान होतीस, तुला आई म्हणजे नुसता गोधडीचा वास आठवायचा. मला तिचं पोट आठवतं. हातापायाच्या काड्या आणि पोट हे एवढं, वर ताणलेली चकचकीत कातडी. बायका म्हणायच्या, पोटात पाणी झालं. गावात कुणी करणी म्हणालं, कुणी देवाचा कोप म्हणालं. आजोबांनी चांगला पाळलेला बोकड कापला. आई गेलीच. माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट राहिली, की विहिरीला पाणी नव्हतं त्या साली तिच्या पोटात पाणी आलं कुठून?

उत्तर मिळायला मला म्हातारं व्हावं लागलं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, त्याच्या आधी रक्त तपासलं आणि मला औरंगपुऱ्यातल्या पोटाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. ते म्हणाले, "मावशी, तुम्हाला ब प्रकारची कावीळ आहे. आजची नाही, बहुतेक जन्मापासूनची."

मी म्हटलं, "अहो, माझे डोळे बघा की, कुठं पिवळे आहेत?"

"ही डोळ्यांत दिसत नाही. यकृतात गप बसून असते. वर्षानुवर्षं. तुमची आई कशानं गेली?"

मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "भावंडं किती?"

तेव्हा तू आठवलीस मला, आणि बाहेर आल्याबरोबर मी तुला निरोप धाडला.

तू लासूर स्टेशनच्या बाजारातून तशीच आलीस, अंगाला मेंढरांचा वास, खांद्यावर घोंगडं. खुर्चीवर बसायला तयार नाहीस. भिंतीला टेकून जमिनीवर बसलीस आणि डॉक्टरांना म्हणालीस, "दादा, मला काय बी दुखत नाय. आक्का लई भित्री हाय, तिलाच तपासा." तुझं रक्त माझ्यापेक्षा वाईट निघालं. तुझं यकृत कडक व्हायला लागलं होतं आणि तुला काहीच दुखत नव्हतं. मला भीती वाटली ती त्याचीच. दुखणं असतं तर माणूस सावध तरी झालं असतं.

आपल्याला दोघींना एकच गोळी सुरू झाली, लॅमिव्हुडिन. तू तिला लामी म्हणायचीस, एखाद्या मेंढीचं नाव असावं तसं. पहिली काही वर्षं लामीनं चांगली राखण केली. दर सहा महिन्यांनी आपण औरंगपुऱ्यात भेटायचो, रक्त द्यायचो, लॅबच्या पायरीवर बसून मी आणलेली भाकरी खायचो. ती पायरी म्हणजे आपलं माहेर होतं गं. दुसरं कुठं राहिलं होतं आपल्याला माहेर?

मग एकदा दोघींचेही आकडे वर चढले. डॉक्टर म्हणाले, "विषाणू या गोळीला सरावलाय. आता तिचा उपयोग नाही."

मी घाबरले. तू मात्र खूश झालीस. म्हणालीस, "हे तर जंतावानी झालं की, दादा! एकच दवा दर साली पाजली की जंत तिला सरावतो. मेंढरू वाळत जातं. मग दवा बदलावी लागती."

डॉक्टर हसले. म्हणाले, "अगदी बरोबर बोललात."

धुरपे, तिथंच घात झाला. डॉक्टर बरोबर म्हणाले आणि तू पुढचं ऐकणं सोडलंस. तुला वाटलं, आपल्याला हा आजार कळला. मी शेजारी बसून सगळं ऐकलं, कारण मला काहीच कळलं नव्हतं.

त्यांनी मला एकच नवी गोळी दिली, टेनोफोविर. तुला दोन दिल्या, टेनोफोविर आणि तिच्या जोडीला एन्टेकाविर. दोन्ही रोज, एन्टेकाविर उपाशीपोटी. मी विचारलं, "असं का? आजार एक, आई एक, मग मला एक आणि तिला दोन? यातलं चांगलं कोणतं?"

ते म्हणाले, "बऱ्याच जणांचं एका चांगल्या गोळीवर भागतं. यांचा विषाणू फार वाढलाय, जुन्या गोळीनं तो आधीच शहाणा झालाय आणि यकृतही थकलंय. म्हणून जोडी. तो एकीला चकवायला गेला तर दुसरीच्या तावडीत सापडतो. पण दोन्ही एकाच वेळी पोटात पाहिजेत. खाडा एक दिवसाचाही नको."

पायरीवर आल्यावर तू मला चिडवलंस. "बघ, तुझी एकाच बैलाची गाडी. माझी बैलजोडी. कोण म्होरं जातं बघू."

"अगं, शर्यत आहे का ही?"

"शर्यतच हाय. हरल ती भाकरी आणल."

त्या वर्षांत शहर आपल्या दोघींच्या मधे शिरलं. आधी माझ्या घरामागं नुसती कापणी झालेली रानं होती. कणसं मोडून झाली की शेतकरी तुमची मेंढरं खतासाठी बसवायला बोलवायचे. तुझा तळ पडायचा आणि मी पातेलंभर दूध न्यायला यायचे. मग रानात सिमेंटचे पांढरे खांब रोवले गेले. पुढच्या खेपेला तुम्ही आलात तर तारेचं कुंपण. त्याच्या पुढच्या खेपेला मोठा रस्ता, आणि रस्त्यावर तुझी चार मेंढरं ट्रकखाली. तिथं आता उंच इमारती आहेत. त्यांच्या नळाला पाणी नाही, टँकरच्या रांगा लागतात. तू त्या इमारतींकडं बघून म्हणाली होतीस, "एवढी माणसं आली, आक्का, यांची तहान कुणी मोजली का?" मी हसले होते. आता पहाटे टँकर मागं घेताना त्याचा तो आवाज येतो आणि मला तुझं बोलणं ऐकू येतं.

शर्यत मी जिंकायला लागले. माझा आकडा उतरत उतरत दिसेनासा झाला. तुझा उतरला, आणि मग चढला. पुन्हा थोडा उतरला, पुन्हा चढला. तू चिडलीस. "डॉक्टरनं मला खोटी जोडी दिली. तुझी एकटी गोळी भारी निघाली." मलाही तसंच वाटलं. मी मनातल्या मनात डॉक्टरांना बोल लावले. एवढंच काय, पुढच्या खेपेला तुला घेऊन गेले ती भांडायच्याच तयारीनं.

डॉक्टरांनी तुझे कागद पुढं मागं केले. मग हळूच विचारलं, "दोन्ही गोळ्या रोज घेता ना?"

"घेते की."

"दोन्ही? रोज?"

आणि तू, माझी बाई, ताठ बसून अभिमानानं सांगितलंस. "संगं कशाला घेईन? या अवसेपासून त्या अवसेपतोर एक. मग दुसरी. मधी दोन्हीला पंधरवडा इसावा. मेंढरांना आम्ही असंच करतो, दादा. फेरपालट. दोन्ही दवा संगं पाजल्या तर जंत दोन्हीला सरावल, मग तिसरी कुठून आणू?"

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, तू भांडली असतीस आणि विषय लक्षात राहिला असता. ते खुर्ची ओढून तुझ्याजवळ आले. म्हणाले, "मेंढरांचं तुमचं बरोबर आहे, बाई. जंत औषधानं मरतो, पडून जातो. हा पडत नाही. हा पेशीच्या आत घर करून बसलाय, गोळ्या त्याला फक्त दाबून धरतात. तुम्ही एक हात काढला की तो दुसऱ्या हाताची सवय करून घेतो. दोन्ही काढले की उसळतो. आणि यकृत कडक झालेल्या माणसाला ती उसळी सोसत नाही."

तू मान हलवलीस. तुझी ती मान मला ठाऊक होती. सरपंचापुढं, तलाठ्यापुढं, सासऱ्यापुढं तू तशीच मान हलवायचीस आणि पाठ वळली की आपलंच करायचीस.

पायरीवर बसून मी तुझ्याशी भांडले. म्हटलं, "तळाच्या राखणीला कुत्री किती गं तुझी?"

"दोन."

"लांडगा आला तर?"

"एक म्होरून जातं, एक मागून."

"मग एक महिना एक कुत्रं बांधून ठेवशील का? आणि पुढच्या महिन्यात दुसरं? आणि पंधरा दिवस दोन्ही?"

तू घास तसाच हातात धरून बसलीस. मला वाटलं, जिंकले. मग तू म्हणालीस, "कुत्र्याला बी झोप लागती, आक्का. रोज रोज जागवलं तर कुत्रं मरतं. मग लांडग्याला सगळंच मोकळं." उठलीस, पदर झटकलास आणि बसला उशीर होतोय म्हणून निघालीस.

अजूनही वाद तिथंच पडलाय, धुरपे. पुढच्या भेटीला मिटवू म्हणून ठेवलेला.

मध्यंतरी तू ऐकलंस, हे खरं. दोन्ही गोळ्या रोज घ्यायला लागलीस. आकडा हळूहळू उतरला. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, की त्या फेरपालटीत एन्टेकाविरला विषाणू सरावलाय, आता सगळा भार एकट्या टेनोफोविरवर आहे. म्हणजे तुझ्याही तळाला माझ्यासारखं एकच कुत्रं उरलं होतं. मी तुला हे सांगितलं, तर तू म्हणालीस, "मग झालो की बराबर! आता भाकरी अर्धी अर्धी."

आणि मग हा दुष्काळ आला. पाऊस पडायच्या महिन्यात नुसता वारा सुटला. तुमच्या भागातली बोअर एकामागून एक धूळ फेकायला लागली. सखाराम म्हणाला, लांब जावं लागतंय, गोदावरी ओलांडून खाली, उसाच्या पट्ट्यात. गोळ्या मी बांधून दिल्या. म्हटलं, संपायच्या आत खबर कर, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती आणखी पाठवीन. तू व्हय म्हणालीस. तुझा तळ पुढं पुढं सरकत गेला. फोन लागला की तू सांगायचीस, "हायेत गं गोळ्या. लई पडल्यात." मला आनंदच व्हायचा. मेली, मला एवढंही सुचलं नाही की रोज खाल्ल्या तर इतके दिवस कशा उरतील!

तू त्या पुरवून पुरवून घेत होतीस. टँकरचं पाणी पुरवतात तशा. एक दिवस गोळी, दोन दिवस विसावा. आणि तब्येत बरी वाटली की तोही विसावा लांबवायचा. सखारामला विचारलं तर म्हणाला, "ती म्हणायची, गोळी वाया घालवायची नाय, दुखलं तर लागल." दुखल्यावर लागेल! जे जन्मात कधी दुखलंच नाही, त्याच्या दुखण्याची तू वाट बघत बसलीस.

तळ परत आला तेव्हा तू माझ्या उंबऱ्यावर उभी होतीस, नेहमीसारखी. ऊन मागून येत होतं म्हणून मला आधी तुझं तोंड दिसलं नाही. जवळ आले तर डोळे हळदीसारखे. नजर खाली गेली. लुगड्याखाली पोट वर आलेलं होतं.

मला तू दिसलीच नाहीस, धुरपे. मला आई दिसली. तेच पोट. विहिरी आटलेल्या, धरण तळाला गेलेलं, अख्खा मराठवाडा पाणी पाणी करतोय, आणि पाणी आलं ते तुझ्या पोटात.

दवाखान्यात तुझ्या पोटात सुई घालून पाणी काढायचे. नळीतून पिवळं पाणी बाटलीत पडायचं, बाटली भरायची, दुसरी लावायची. तू ते बघत पडायचीस. एकदा नर्सला म्हणालीस, "बाई, टँकरवाल्याला बोलवा. आक्काच्या गल्लीत पाठवून द्या म्हणावं." ती पोरगी हसावं की नको अशी उभी राहिली. मी बाहेर जाऊन रडले. आत आले तर तू मला म्हणालीस, "तुझं एकच कुत्रं जागं हाय ना अजून?"

"आहे."

"त्याला झोपू देऊ नको."

एवढंच बोललीस. वाद मिटला असं तुला म्हणायचं होतं का? की नुसती माझी फिकीर? मी विचारलं नाही. मला वाटलं, उद्या विचारू.

आता खरं बोलायचं ते बोलते, ज्यासाठी तुला इथं बसवलंय. तुझी शोभा.

तुझी एकुलती एक लेक, सोयगावला दिलेली, लग्नाला कितीतरी वर्षं होऊन आता कुठं पोटुशी. तिला कधी तपासलं नाही तू. मी पहिल्या दिवसापासून पाठीमागं लागले होते, की आईकडून तुला आलं, मला आलं, तसं तुझ्याकडून तिला आलं असेल, एकदा रक्त दे तिचं. तू म्हणायचीस, पुढच्या बाजाराला आणते. मग तिचं लग्न ठरलं. मग तू म्हणालीस, आता तर नावच काढू नको.

तुझ्या भीतीला कारण होतं, हे मी जाणते. तुमच्या तळावर आजाराचा बभ्रा झाला तेव्हा जावांनी तुझा तांब्या वेगळा केला, तुझी चूल बाजूला मांडली. मी त्या बायकांना ओरडून सांगितलं होतं, की अगं, हा आजार ताटातून जात नाही, तांब्यातून जात नाही, रक्तातून जातो, आईच्या पोटातून जातो. मी इतकी वर्षं लेकरानातवंडांत जेवते. कुणी ऐकलं नाही. सणाच्या दिवशी सगळ्यांकडं पाठ करून एकटी जेवत बसलेली तू, अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीस.

म्हणून त्या दिवशी दवाखान्यात तू कमरेचा बटवा सोडलास, भंडाऱ्याची चिमूट माझ्या तळहातावर ठेवलीस आणि माझी मूठ मिटवलीस. "शोभाला नाय सांगायचं. सासरी कळलं तर पोरीला आणून घालतील. पोटातल्या लेकरासकट. देवाची आण घे, आक्का."

मी म्हटलं, "अगं, त्या लेकराचाच तर प्रश्न आहे."

"आण घे."

तुझा हात तापलेला होता. आपल्यात भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. मी मूठ उघडली नाही. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणि तू ते हो धरून डोळे मिटलेस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

शोभाला तुझं तोंड बघू दिलं नाही. पोटुशीनं मढ्याजवळ यायचं नसतं म्हणाले. तिकडं सोयगावला ती न्हाणीत जाऊन रडली असेल.

दहाव्याला आम्ही सगळे नदीच्या पात्रात गेलो. पात्र कसलं, नुसते दगड. घरून कळशीत पाणी नेलं होतं. पिंड मांडला. बाभळीवर कावळे बसले होते, खाली बघत होते, एकही उतरेना. सखाराम हात जोडून म्हणाला, "मेंढरं परत घेईन, धुरपा." कावळा हलला नाही. पुतण्या म्हणाला, "काकाला अंतर देणार नाय." काही नाही. ऊन चढत गेलं, माणसं पागोट्यानं तोंड पुसायला लागली. मग हळूहळू सगळ्यांचं तोंड माझ्याकडं वळलं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, "आक्का, तिचं मन तुमच्यात गुतलं असंल. बोला की काईतरी."

मी काय बोलायचं होतं? शोभाला सांगणार नाही म्हणून कबूल व्हायचं? की सांगते म्हणायचं? मी मनात म्हटलं, धुरपे, तूच सांग. उतरलीस तर उतर. कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं. बघतच राहिला. शेवटी कुणीतरी दर्भाचा कावळा केला आणि शिववून टाकला. माणसं उठली, चपला घालायला लागली.

म्हणजे तुझ्याकडून मला काही कळलं नाही. कळलं असतं तर ओझं तुझ्यावर टाकून मोकळी झाले असते. आता ते माझ्या एकटीवर आहे.

मी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी सांगितलं ते तुला सांगते, नीट ऐक, या वेळी मान हलवून उठू नको. शोभाला असेलच असं नाही. पण असेल, तर बाळ जन्मल्याबरोबर, पहिल्याच दिवसात, त्याला दोन सुया द्याव्या लागतात. एक लस, आणि एक लगेच राखणीला उभी राहणारी. पुढं लसीचे बाकीचे डोस. आणि शोभाच्या रक्तात विषाणू फार असला तर तिलाही शेवटच्या महिन्यांत गोळी. कोणती सांगू? टेनोफोविर. माझी. तुझी. एवढं केलं तर आईपासून लेकरात जाणारा हा रस्ता बहुतेक वेळा बंद होतो. उशीर झाला तर लहान लेकरात तो जन्माचाच घर करतो. "कितवा महिना?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, सातवा लागला. ते म्हणाले, "मग आता थांबू नका."

मी शोभाला फोन लावला.

"मावशी," एवढंच म्हणाली आणि रडत राहिली. मग नाक ओढून म्हणाली, "बरी हाय मी. पायाला सूज हाय जरा. टँकर आला की पळावं लागतं."

"सातव्या महिन्यात हंडे उचलतीस?"

"दोनच आणते."

"रक्त तपासलं का गं तुझं?"

"व्हय. कमी हाय म्हणल्या नर्सबाई."

"आणखी काय काय तपासलं?"

"ते नाय विचारलं, मावशी. का?"

त्या "का"ला माझ्या तळहातावर भंडारा पुन्हा टोचायला लागला. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती, शेजारी सासूचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "बाळंतपणाला माझ्याकडं ये. जावईबापूंना घेऊन ये." सासूनं फोन घेतला. बाई वाईट नाही गं, धुरपे. म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज खरा, पण तिचं माहेर राहिलं कुठं आता?"

मी म्हटलं, "विहीणबाई, मी जिती आहे तोवर माहेर इथं आहे."

"मग अवस होऊ द्या. सुतकाची सावली नको. अवस झाली की पाठवते."

अवस. तूही अवसेचीच गणितं मांडायचीस. तेव्हापासून मी दारात येऊन बघते. माझी नातसून म्हणते, आजी, सोयगावची गाडी काय आपल्या दारात थांबते का? तरी बघते. सासूनं अवसेनंतर नाही पाठवलं तर मी स्वतः जाऊन घेऊन येणार आहे. शोभा आली की तिला आणि जावयाला दोघांना समोर बसवून सांगणार आहे. तो तिला आणून घालेल की शहाण्यासारखा वागेल, ते मला माहीत नाही. घातलंच आणून, तर ही माझी खोली आहे, इथं दोन खाटा मावतात. आण मोडल्याचं जे काय व्हायचं ते माझं होऊ दे. मी देवाशी बोलले आहे. तो काही बोलला नाही. तोही तुझ्यासारखाच.

हा कागद आधी शोभा वाचेल. तिनं वाचल्याशिवाय आणि तिच्या तोंडून होकार आल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार नाही. म्हणजे कुणी परका हे वाचत असेल, तर समज, तुझ्या लेकीला सगळं कळलंय.

माझी गोळी चालू आहे. सकाळी चहाच्या आधी तुझ्या नावानं दोन शिव्या देते आणि गिळते. डॉक्टर आता माझं मूत्रपिंडही तपासत असतात. किती वर्षं दाबून धरील ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. पोटावर हात ठेवून झोपते. तिथं तो आहे, गप बसलेला, मला ठाऊक आहे. माझं एकच कुत्रं आहे आणि मी त्याला झोपू देत नाही. पण औरंगपुऱ्यातल्या त्या पायरीवर आता एकटीनं भाकरी खावी लागते गं. मागच्या खेपेला अर्धी भाकरी तशीच बांधून परत आणली.

सगळे म्हणतात, धुरपा शोभाच्या पोटी येणार. सखारामनं तर नावही ठरवलंय, मुलगी झाली तर. मी आधी हसण्यावारी नेलं. आता रोज तेच मनात येतं. येणार असशील तर ये, मी नको कशाला म्हणू? तुझ्याशिवाय भांडायला मला आहे कोण? पण दवाखान्यात तुझ्या वाटेवर मी उभी असेन, दोन्ही सुया तयार ठेवून. रडलीस तरी टोचून घ्यावं लागेल.

आणि ऐक. आपल्या आईनं जे दिलं, जे तू आयुष्यभर पोटात घेऊन फिरलीस, ते या खेपेला संगं आणू नको. उंबऱ्यावर उभी राहू नको, थेट आत ये.

एकटी ये, धुरपे. लवकर ये.